उत्तर: कॅनपीच्या मागच्या कडेची फट

विमानाच्या कॅनपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) मागच्या कडेला फट का राहते, असा प्रश्न होता. फ्रेम वाकडी म्हणून राहते, असं एकाने म्हटलंय ते अर्धंच खरं. फट सकाळी मोजली की दुपारी, हे कुणी विचारलंच नाही. नाशकात डिसेंबरात पहाटे पारा कधी 10 च्या खाली, दुपारी 28 च्या आसपास. कॅनपीचं ॲक्रिलिक फ्रेमच्या ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. 20 अंशांच्या फरकाने मीटरमागे दोघांत सुमारे 1 मिमीची तफावत पडते. म्हणून ॲक्रिलिकमधली भोकं स्क्रूपेक्षा सैलच ठेवा आणि स्क्रू करकचून आवळू नका.

भोकं गारठ्यात पाडणं तर नकोच. नाशकातल्याच अंबडच्या शेडमध्ये आम्ही ती दुपारीच पाडतो. ड्रिलचा साधा बिट पलीकडे निघताना चावतो आणि कडेला बारीक चीर उमटते. बिटाची धार दगडावर जराशी मारली की तो खरवडत जातो. वेळखाऊ आहे, पण नवीन कॅनपीपेक्षा स्वस्त.