हजारी किती डॉक्टर, आणि भेटतात किती?

लालबागकर:
परवा आईला पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. सातला केस पेपरच्या रांगेत उभा राहिलो, ओपीडीत नंबर लागला साडेबाराला. तपासणारी निवासी डॉक्टर जेमतेम पंचविशीची. एका हातात आईच्या पाठीवर टेकवलेला स्टेथोस्कोप, दुसऱ्या हातात पुढच्या माणसाचा केस पेपर. डोळे लाल, रात्रभर जागी असावी. तिच्यावर राग नाही माझा. पण 2024 मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की देशात 836 माणसांमागे एक डॉक्टर आहे. यात नोंदणी झालेल्यांपैकी 80 टक्के प्रत्यक्ष काम करतात असं धरलंय, शिवाय साडेपाच लाखांवर आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे वैद्यही मिळवलेत. जर्मनीत हजारी, म्हणजे दर हजार माणसांमागे, चाराहून जास्त डॉक्टर आहेत. क्युबात आठाच्या आसपास, आणि क्युबा काही श्रीमंत देश नव्हे! तिथे 1984 पासून वस्तीतच डॉक्टर आणि नर्स नेमतात. आपल्याला डॉक्टर वाढवावेच लागतील.

मुलुंडकर:
पटत नाही. माझी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिथे हजारी तीन डॉक्टर. सकाळी आठच्या ठोक्याला दवाखान्यात फोन लावायचा, लागेपर्यंत त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या. सरकारी सेवेत फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे सहसा जाता येत नाही. आधी ठरवून होणारे उपचार 18 आठवड्यांत सुरू व्हावेत, हे तिथलं उद्दिष्ट! आमच्या नाक्यावरचे डॉक्टर रात्री साडेनऊला बघतात, दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ. मुंबईइतका लवकर डॉक्टर कुठे मिळतो सांगा.

लालबागकर:
पैसे मोजले तर मिळतो. तुमच्या ताईंचं ऑपरेशन झालं तर बिल येईल का तिकडे? इथे गुडघा बदलायचा म्हणजे दागिने मोडायची पाळी येते.

मुलुंडकर:
बिल येणार नाही, हे मान्य. पण नंबर लागेपर्यंत ती दुखणं सोसतेय, त्याचं काय?

जव्हारची नर्स:
तुम्ही दोघेही मुंबईपुरतंच बोलताय. मी नोकरीला मुंबईत, माहेर जव्हार तालुक्यात. वहिनीचं बाळ आडवं होतं. भूलतज्ज्ञ नाही म्हणून रात्री नाशिकला पाठवलं. घाटात जीपमध्ये मी तिचा हात धरून बसले होते. देशाच्या सरासरीत मुलुंडच्या नाक्यावरचे डॉक्टरही मोजलेत, आमच्या वाट्याला ते येत नाहीत. जपानमध्ये 1972 साली ‘जिची’ नावाचं वैद्यकीय विद्यापीठ खास अशा आडगावांना डॉक्टर मिळावेत म्हणूनच काढलं. प्रत्येक प्रांतातली मुलं घेतात. शिक्षणाचा खर्च कर्जाऊ, आणि साधारण नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा केली की ते कर्ज माफ. नुसत्या मेडिकल कॉलेजातल्या जागा वाढवल्या तर नवे डॉक्टरही ठाण्या-मुलुंडातच पाटी लावतील.

निवासी डॉक्टर:
ताई, बाँड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, आपल्याकडेही आहे. मी केलाय. क्वार्टरला दार होतं, कडी नव्हती. खाट दाराला लावून झोपायचे. बाळंतपण अडलं की आधी फोनला रेंज शोधायची. चार अर्ज केले, कडी काही बसली नाही. वर्ष संपल्यावर मी तिथे राहिले नाही, आणि माझ्या जागी कोणी आलंही नाही. सक्तीने एक वर्ष माणूस मिळतो, पुढचं कसं निभवायचं?

जव्हारची नर्स:
कडी गावातली माणसं एका दुपारी बसवून देतील. मला सांगायचं होतंत. तुमच्या त्या जागेवर आजही कोणी नसेल, तर गावाचं नाव कळवा. पुढच्या ग्रामसभेला मी येते.