'द कॉल ऑफ द वाइल्ड': बक आणि थॉर्नटनबद्दल मुलीला काय सांगू?

वर्तकनगरची आई:
मुलगी नववीत आहे. जॅक लंडनची ही कादंबरी (१९०३) वाचून माणूस आणि कुत्रा यांच्या नात्यावर, म्हणजे बक हा कुत्रा आणि त्याचा शेवटचा मालक थॉर्नटन यांच्यावर लिहायचं आहे. थॉर्नटनचं सहावं प्रकरण तिने किती वेळा वाचलंय! पण "थॉर्नटन प्रेमळ होता" याच्यापुढे लिखाण सरकत नाही.

नौपाड्याचे सर (निवृत्त):
ताई, सहाव्या प्रकरणापासून सुरुवात करूच देऊ नका. थॉर्नटनच्या आधी बकला कोण कोण भेटलं, ते आधी लिहायला लावा. लाल स्वेटरवाला सोट्याने त्याला वठणीवर आणतो. पेरॉ आणि फ्रान्स्वा न्यायी आहेत, पण त्यांना टपाल पोचवायचंय. हॅल उपाशी कुत्र्यांना वितळत्या बर्फावर हाकतो. प्रत्येकाला बककडून काम हवंय. थॉर्नटन त्याला हॅलच्या तावडीतून सोडवतो, तेव्हा थॉर्नटनचे स्वतःचे पाय हिमदंशाने दुखावलेले असतात. दोघं नदीकाठी नुसते पडून बरे होतात. या निवांत दिवसांवर कोणी लिहीत नाही. मला मात्र पुस्तकातली तीच पानं सर्वांत प्रिय.

मग पैज. हजार पौंडांची, म्हणजे साधारण साडेचारशे किलोंची घसरगाडी बक शंभर यार्ड ओढतो आणि थॉर्नटन सोळाशे डॉलर जिंकतो. मुलं इथे खूश होऊन पुढे जातात. तिला विचारा, त्या पैशांचं पुढे काय झालं? त्यांच्याच जोरावर थॉर्नटन हरवलेली सोन्याची खाण शोधायला निर्मनुष्य रानात जातो आणि तिथेच मारला जातो. बकने मालकावरच्या प्रेमापोटी जीव तोडून गाडी ओढली, आणि त्यातूनच मालक मृत्यूच्या वाटेला लागला. निबंध इथून लिहायचा.

घोडबंदर रोड:
आमच्या घरामागे येऊरचं हिरवं रान, त्यामुळे मुलाला कादंबरीतल्या क्लोंडाइकची (कॅनडाच्या वायव्य टोकाची) थंडी डोळ्यांपुढे येईना. नकाशावर युकॉन नदी आणि डॉसन दाखवलं. लंडन स्वतः १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात तिकडे गेला होता, हे कळल्यावर तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसला.

वर्तकनगरची आई:
सर, तिला वाचून दाखवलं. ती विचारतेय, थॉर्नटन जगला असता तरी बक रानात गेला असता का?

नौपाड्याचे सर (निवृत्त):
फार चांगला प्रश्न! लांडग्याबरोबर तासन्‌तास धावताना बकला थॉर्नटन आठवतो आणि तो परत फिरतो. मग दोन दिवस छावणी सोडत नाही. पुढे मूसच्या (तिकडच्या प्रचंड हरणाच्या) शिकारीत मात्र चार दिवस बाहेर राहतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचू द्या. मला वाटतं, तो जात राहिला असता आणि परतही येत राहिला असता. तिचं मत वेगळं असेल तर तेच लिहू दे, फक्त पुस्तकातला प्रसंग देऊन.