तळी तपकिरी होताहेत, याला 'बरं होणं' म्हणायचं का?

तळ्याकाठी
दक्षिण स्वीडनमध्ये स्मोलंडला राहते. घरामागे जंगलातलं एक लहानसं तळं आहे. शेजारच्या आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी धक्क्यावरून तळाचे दगड मोजता यायचे. आज मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले की माझी पावलं मला दिसत नाहीत.

पाणी गढूळ नाही, कोऱ्या चहासारखं आहे. कुजलेला पालापाचोळा आणि दलदलीतली माती यांतून सेंद्रिय कार्बन पाण्यात विरघळतो. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो आरपार जातो. अतिनील आणि निळा प्रकाश तो सगळ्यात जास्त शोषतो. स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश सर्वांत खोल पोचतो, इथे तोच आधी संपतो.

हिशेब करून बघा. प्रकाशाचा क्षीणन गुणांक (खोल जाताना प्रकाश किती झपाट्याने घटतो, त्याचं माप) दर मीटरला ०.५ असेल, तर पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा १ टक्का सुमारे ९ मीटरवर उरतो. गुणांक १ झाला की तोच १ टक्का साडेचार मीटरवर. त्याखाली बहुतेक पाणवनस्पतींचा निभाव लागत नाही. म्हणजे तळ्याचा केवढा तरी तळ अंधारात गेला.

आणि तरी इथे 'आम्ल पावसातून (धुरातल्या गंधकाने आम्ल झालेल्या पावसातून) तळी सावरताहेत' असं म्हणून विषय संपवतात. मला हे पटत नाही.

दगडफूल
असहमत. सावरणं म्हणतात त्याला कारण आहे. २००७ साली उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ५२२ तळ्या-ओढ्यांच्या १९९० ते २००४ या काळातल्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. जिथे पावसातलं गंधक जास्त घटलं, तिथे पाण्यातला कार्बन जास्त वाढला. आम्ल जमिनीत सेंद्रिय पदार्थ धरून ठेवले जातात. आम्लता उतरली की ते पुन्हा विरघळतात.

तुमच्या आजींना आठवतंय ते नितळ पाणी कदाचित आजारी पाणी असेल. आम्ल पावसाच्या काळात स्कँडिनेव्हियातली कितीतरी तळी काचेसारखी स्वच्छ होती आणि त्यांत मासे उरले नव्हते. शिवाय हा कार्बन तळ्याची छत्रीही आहे. कॅनडात ओंटारिओतल्या प्रायोगिक तळ्यांवर डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की कार्बन घटल्यामुळे अतिनील किरण जेवढे खोल शिरले, त्यापुढे वातावरणातला ओझोनचा थर विरळ होण्याचा परिणाम कमी होता.

सिंहगडरोड
अडाणी प्रश्न वाटेल, पण पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी तांबडं होतं ते हेच का?

तळ्याकाठी
@सिंहगडरोड, अडाणी अजिबात नाही. ती माती आहे. तिचे कण तरंगतात, प्रकाश विखुरतात आणि पाणी स्थिर राहिलं तर बसतातही. हंड्यात तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं की फरक कळतो. इथला रंग नुसता ठेवून बसत नाही.

@दगडफूल, गंधकाचा भाग मला मान्यच आहे. पण सगळं त्याच्यावर ढकललं की जंगलवाले सुटतात! स्मोलंडमध्ये जुनी कुरणं गेली आणि त्यांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवड आली. दलदलींत चर खणले. फिनलंडमध्ये तर निम्म्याच्या आसपास दलदली अशा कोरड्या केल्या. त्या चरांतून तपकिरी पाणी थेट तळ्यात येतं. सोबत लोहही येतं, आणि ते कार्बनला चिकटून रंग आणखी गडद करतं.

आणि छत्रीचं म्हणाल, तर छत्रीखाली ऊन लागत नाही, तसं पीकही येत नाही. उमियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की उत्तर स्वीडनच्या लहान तळ्यांत माशांचं उत्पादन खताअभावी नाही, तर प्रकाशाअभावी अडतं. तळावरच्या दगडांवर वाढणारं शेवाळ हेच तिथलं मुख्य अन्न. ते गेलं की मासाही आटला.

पाणीवाला
मी पाणी शुद्धीकरणात काम करतो, म्हणून लिहितो. बोल्मेन सरोवराचं पाणी सुमारे ८० किलोमीटरच्या बोगद्यातून दक्षिणेकडच्या स्कोने प्रांताला जातं. त्या सरोवराचाही रंग वाढत गेला आहे. रंग वाढला की तो खाली बसवायला लोहक्षार जास्त घालावे लागतात आणि गाळ जास्त निघतो. तसंच सोडलं, तर क्लोरीन आणि हा कार्बन मिळून ट्रायहॅलोमिथेनं, म्हणजे पिण्याच्या पाण्यात नको असलेली घातक संयुगं, तयार होतात. हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहान्स रूक यांनी दाखवलं होतं.

दगडफूल यांच्या छत्रीची दुसरी बाजूही आहे. ऊन पाण्यातले जंतू फुकट मारतं. पाणी तपकिरी झालं की ती मदत वरच्या थरापुरती उरते.

आणि उष्णता! गडद पाणी ऊन वरच शोषतं, मग वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो आणि दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपतो. मला यात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण ते काठावरून दिसत नाही.

दगडफूल
माशांबद्दल आणि प्राणवायूबद्दल वाद नाही. माझा वाद 'पूर्वी'बद्दल आहे. दक्षिण आणि मध्य स्वीडनच्या तळ्यांतल्या गाळाच्या थरांवरून असं दिसतं की १५व्या-१६व्या शतकापासून पाण्यातला कार्बन घटत गेला, कारण माणसाने जंगलात गुरं चारली, झाडं तोडली. त्याआधीचं पाणी गडदच होतं. मग मूळ तळं कुठलं? आजींच्या लहानपणीचं, की पाचशे वर्षांपूर्वीचं?

तळ्याकाठी
हा मुद्दा मला खरोखर अडवतो, मान्य करते. पण त्या जुन्या गडद तळ्यांभोवती चर नव्हते आणि एकाच जातीच्या झाडांचं रान नव्हतं. उन्हाळाही इतका तापत नव्हता. रंग तोच असला तरी तळं तेच आहे, असं मी म्हणणार नाही. निदान चर तरी बुजवा, एवढीच माझी मागणी आहे.

पाणीवाला
बुजवाच, पण गावाला आधी सांगून ठेवा. दलदल पुन्हा भिजली की सुरुवातीची काही वर्षं कार्बन कमी होण्याऐवजी बऱ्याचदा वाढतो. ते पाहून लोक घाबरतात आणि चर पुन्हा उघडायला निघतात.