नेटलिस्टमधून लॉजिक काढताना एक नोड अडला: ना व्हीडीडी, ना ग्राउंड

सर्किटवेडी_मिरज:
एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितेय. चिपच्या लेआउटमधून काढलेली स्पाइस नेटलिस्ट (कुठला ट्रान्झिस्टर कुठे जोडलाय याची यादी) दिली की त्याने प्रत्येक नोडचं, म्हणजे जोडाच्या जागेचं, बुलियन (०-१ चं) समीकरण सांगायचं. नँड, नॉर, एओआय-२१ (अँड-ऑर करून उलटं करणारं गेट) अचूक येतात: एनमॉस (गेटवर १ आला की चालू होणारे ट्रान्झिस्टर) एकामागे एक असतील तर अँड, समांतर असतील तर ऑर, शेवटी सगळं उलटं.

काल मात्र सहाच ट्रान्झिस्टरवर अडले. एम१-एम२ इन्व्हर्टर (० चा १, १ चा ० करणारा), सीके म्हणजे क्लॉकवरून त्याचं उलट सीकेबी. एम३ (एनमॉस, गेटवर सीके) आणि एम४ (पीमॉस, म्हणजे गेटवर ० असताना चालू होणारा, गेटवर सीकेबी) दोन्ही डी हा इनपुट आणि एक्स हा नोड यांच्या मध्ये. एम५-एम६ इन्व्हर्टर, एक्सवरून क्यू. एक्सपासून ना व्हीडीडीकडे (पुरवठ्याची १ ची तार) वाट सापडते, ना ग्राउंडकडे (० ची तार). जोडणी तीनदा हाताने तपासली. एम३चा सोर्स एक्सला आहे, एम४चा ड्रेन एक्सला आहे, त्यामुळे होत असेल का?

जुना_लेआउटवाला:
ताई, सोर्स-ड्रेनच्या नावांवर विसंबू नका. मॉसफेटची दोन्ही टोकं सारखीच. एक्स्ट्रॅक्टर (लेआउटमधून नेटलिस्ट काढणारा प्रोग्रॅम) कुठलंही नाव कुठेही लावतो. मीही दिशा धरून कोड लिहिला होता, त्यात आठवडा गेला.

आधी नोडचे गट पाडा. सोर्स-ड्रेनने जोडलेले नोड एका गटात. गेटपाशी आणि पुरवठ्याच्या तारांपाशी गट तुटतो. डी बाहेरून येतो, म्हणून त्यालाही पुरवठ्यासारखाच धरा. मग प्रत्येक नोडसाठी दोन समीकरणं काढा: १ कधी पोचतो आणि ० कधी पोचतो. एक्सचा १ म्हणजे सीके·डी, ० म्हणजे सीके·डी′ (· म्हणजे अँड, ′ म्हणजे उलट). दोघांचा ऑर घ्या, उरतो फक्त सीके. म्हणजे सीके शून्य असताना काहीच पोचत नाही आणि एक्सवर आधीचा चार्ज तसाच राहतो. तुमचा प्रोग्रॅम ज्याला चूक म्हणतोय ती मेमरी आहे. डायनॅमिक लॅच आहे हा, म्हणजे नुसत्या चार्जवर बिट धरून ठेवणारं सर्किट!

बिट_बाय_बिट:
दोन्ही समीकरणांचा अँडही तपासा. सीमॉस (एनमॉस-पीमॉस जोडीच्या) गेटमध्ये तो शून्य यायला हवा. जुन्या एनमॉसमध्ये येत नाही, कारण वरचा डिप्लीशन ट्रान्झिस्टर कायम चालू असतो आणि खालचा जोरदार म्हणून जिंकतो. म्हणून तिथे ताकदीचा क्रमही द्यावा लागतो. १९७५च्या ६५०२ या मायक्रोप्रोसेसर चिपचे फोटो काढून व्हिज्युअल६५०२ या प्रकल्पाच्या लोकांनी ट्रान्झिस्टर-पातळीचं सिम्युलेशन चालवलं, त्यात हाच नियम आहे. त्या चिपमध्येही अशा चार्ज धरणाऱ्या जागा आहेत, म्हणून तिचं क्लॉक फार हळू चालवता येत नाही. चार्ज गळून जातो.

सर्किटवेडी_मिरज:
झालं! दिशा काढून टाकली, दोन समीकरणं ठेवली. आता एक्स = सीके·डी + सीके′·एक्स(आधीचा), आणि क्यू त्याचं उलट. दादा, मनापासून आभार. आता एक्सला कमजोर फीडबॅक इन्व्हर्टर (क्यूवरून परत एक्सला धरून ठेवणारा) लावलेला लॅच घेते. तिथे अँड शून्य येणार नाही, म्हणजे ताकदीचा क्रम लिहावाच लागणार. ट्रान्झिस्टरच्या रुंदी-लांबीवरून तो क्रम ठरवला तर पुरेल का?