गीझरचे तापमान किती ठेवावे? घरात वृद्ध सासूबाई, तीन वर्षांचा मुलगा आणि बोअरचे जड पाणी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या न्हाणीघरातील २५ लिटरच्या, २ किलोवॅटच्या साठवण गीझरचा थर्मोस्टॅट नेमका किती अंशांवर ठेवावा, याचा निर्णय घरात होत नाही, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे. आम्ही पुण्यात राहतो. आमच्या इमारतीत महानगरपालिकेचे पाणी अपुरे पडते, म्हणून त्यात बोअरचे पाणी मिसळले जाते आणि ते इतके जड आहे की नळाच्या तोंडाशी दर महिन्याला पांढरा थर साचतो.

गेल्या महिन्यात सासूबाईंनी बादलीत आधी गरम पाणी सोडले आणि विसण घालण्याआधीच त्यातला एक तांब्या पायांवर ओतला. त्यांचे वय ७९ आहे आणि जुन्या मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावली आहे, त्यामुळे चटका बसल्याचे त्यांना लगेच कळलेच नाही; घोट्यावर मोठे फोड आले आणि जखम भरायला तीन आठवडे लागले. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातील थर्मामीटरने नळाचे पाणी मोजले, तेव्हा ते ६८ अंश सेल्सिअस भरले. आमच्या गीझरच्या नॉबवर अंक नाहीत, केवळ बारीकपासून जाड होत जाणारी एक पट्टी आहे, त्यामुळे आपण इतके कढत पाणी वापरत आहोत याची आम्हाला वर्षभर कल्पनाच नव्हती. ज्यांच्या नॉबवर अंक नाहीत त्यांनी एकदा तरी पाणी मोजून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर मी नॉब मागे घेऊन पाणी ४५ अंशांवर आणले. गीझर बसवणाऱ्या कारागिरानेही वीज वाचवण्यासाठी हेच सुचवले होते. मात्र वाचन केल्यावर दुसरी काळजी लागली. लीजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. त्यातही वृद्धांना आणि मधुमेहींना धोका अधिक असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना गरम पाण्याचा साठा ६० अंशांवर ठेवण्यास सांगते. परंतु ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते, तर ५० अंशांना तेवढीच इजा होण्यास काही मिनिटे लागतात. लहान मुलाची कातडी तर आणखी नाजूक असते. म्हणजे एकाच माणसासाठी एका बाजूने ६० योग्य ठरते आणि दुसऱ्या बाजूने तेच घातक ठरते.

वीजबिलाचा हिशोब मी स्वतः करून पाहिला. हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंशांचे धरले, तर २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे १.१६ युनिट वीज आणि ३५ मिनिटे लागतात. ५० अंशांपर्यंत नेण्यास ०.८७ युनिट आणि २६ मिनिटे पुरतात. मात्र ६० अंशांच्या साठ्यात विसण घालून ४० अंशांचे सुमारे ५० लिटर पाणी मिळते, तर ५० अंशांच्या साठ्यातून ३७ लिटरच मिळते. म्हणजे अंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे वीज तेवढीच लागते. फरक पडतो तो टाकीतून वाया जाणाऱ्या उष्णतेत आणि क्षार साचण्यात, कारण पाणी जितके अधिक तापेल तितका कॉइलवर थर लवकर बसतो. माझे यजमान सर्वांत शेवटी अंघोळ करतात आणि ४५ अंशांवर त्यांच्या वाट्याला कोमट पाणी येते, ही त्यांची तक्रारही खोटी नाही.

आता माझी खरी अडचण सांगते. साठा सतत ६० अंशांवर राखावा, हा सल्ला गीझर दिवसरात्र चालू असतो असे गृहीत धरून दिलेला दिसतो. आपल्याकडे बहुतेक घरांत अंघोळीआधी बटण लावतात आणि नंतर बंद करतात, त्यामुळे तेच पाणी पुढे कित्येक तास निवत निवत नेमक्या त्या २० ते ४५ अंशांच्या टप्प्यात राहते. शिवाय वीस मिनिटांनी बटण बंद केले, तर वरच्या हिशोबाप्रमाणे पाणी जेमतेम ४३ अंशांपर्यंत पोहोचते आणि नॉब कुठेही असला तरी त्याला अर्थ उरत नाही. अशा वापरात नॉब ६० अंशांवर ठेवून रोज एकदा थर्मोस्टॅट आपोआप बंद होईपर्यंत पाणी तापू देणे पुरेसे आहे का? सासूबाई बादलीनेच अंघोळ करतात, शॉवर केवळ यजमान वापरतात. तुषार कमी उडत असल्याने बादलीच्या अंघोळीत हा धोका कमी मानावा का?

साठा ६० अंशांवर ठेवून नळापाशी ४० अंशांचेच पाणी सोडणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवण्याचा माझा विचार आहे, कारण सासूबाईंची सुरक्षितता त्यांच्या हाताच्या अंदाजावर सोडणे मला आता मान्य नाही. हा व्हॉल्व्ह ज्यांनी बसवला आहे, त्यांनी कृपया सांगावे की गच्चीवरच्या टाकीच्या कमी दाबावर तो नीट चालतो का आणि बोअरच्या पाण्यातील क्षारांमुळे अडकतो का. तसेच अशा पाण्यात ६० अंशांवर चालणाऱ्या गीझरची मॅग्नेशियमची कांडी (टाकीला गंजापासून वाचवणारी) किती दिवसांनी बदलावी लागते आणि टाकी आतून किती वेळा साफ करून घेता, हेही अनुभवावरून कळवावे. तोपर्यंत मी पाणी ५५ अंशांवर ठेवले आहे, आणि सासूबाईंची बादली मी स्वतः आधी थंड पाणी घेऊन, मग गरम सोडून भरून ठेवते.