बटणाचं फोर बाय फोर नकोच, दांडाच बरा!

मावळी_गडी
जुलैत पवन मावळात शेतावर गेलो होतो. बांधाशेजारी लावणीचा चिखल, मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं. ऐटीत डायल 'फोर हाय'वर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या खुणेवर, फिरवली. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतोय तो लुकलुकतोयच, स्थिर व्हायचं नाव नाही. शेवटी शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर लावून ओढली आणि वर म्हणाले, "एवढी गाडी घेतली ती काय लग्नाला मिरवायला?"

मेकॅनिकनं ट्रान्सफर केसवरची (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) शिफ्ट मोटर काढली. आत पाणी, गंज, सगळं जाम. म्हणून माझं ठाम मत: अशा गाडीला हातानं ओढायचा दांडाच हवा. दांडा ओढला की आतला फोर्क सरकतो, दाते बसले की हाताला कळतं. बटणाचं काय, तर आधी कॉम्प्युटरला विचारा, मग त्यानं मोटरला सांगायचं, मग सेन्सरनं होकार द्यायचा. चिखलात एवढ्यांची मनधरणी कोण करणार?

ग्रीसचे_हात
आधी एक सांगा साहेब, त्याआधी डायल कधी फिरवली होती? आमच्याकडे पावसाळ्यात अशा गाड्या येतात, आणि बहुतेकांचं उत्तर "गेल्या पावसाळ्यात". वर्षभर न फिरलेली मोटर जाम होणार नाही तर काय! त्यात तिच्या सीलमधून पाणी शिरलेलं.

आणि दांड्याचं कौतुक जरा बेतानं. दांडा फक्त ट्रान्सफर केसपुरता. तिथून पुढचा शाफ्ट फिरायला लागला तरी पुढची चाकं त्याला जोडली जायला हवीत. मारुतीच्या जिम्नीचंच घ्या, दांडा आहे, पण पुढचे हब (चाकाला शाफ्टशी जोडणारा भाग) लागतात व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून. त्याची बारीकशी रबरी नळी चिरली किंवा दगडानं निसटली, की दांडा फोर हायला, शाफ्ट फिरतोय आणि पुढची चाकं ढिम्म. तेव्हा हाताला काय कळणार?

दापोलीकर
म्हणूनच माझ्या जुन्या जीपचे हातानं फिरवायचे हब मला प्यारे. खाली उतरायचं, दोन्ही चाकांवरची चकती 'लॉक'वर न्यायची, विषय संपला. हो, एकदा गुडघाभर चिखलात उतरून हब शोधत चाचपडलोय, बायको आतून काच खाली करून हसत होती. आता चिखल दिसायच्या आधीच लॉक करतो.

ताम्हिणीची_वाट
दांडा की बटण यात मला फारसा फरक वाटत नाही. गाड्यांचं खरं वाटोळं होतं ते कोरड्या डांबरावर फोर हाय लावून ठेवल्यानं. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये (गरजेपुरतं लावायचं फोर बाय फोर) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले, मध्ये दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळताना मात्र पुढची चाकं मोठा फेरा घेतात. २.६ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडीचा मागचा अ‍ॅक्सल ५ मीटर त्रिज्येनं वळला, तर पुढचा साधारण ५.६ मीटरनं वळतो, म्हणजे १२-१३ टक्के जास्त अंतर. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक सोसतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळताना अडखळते, आणि परत टू हायला (फक्त दोन चाकांवर) घ्यायला गेलात तर निघतच नाही. लोक म्हणतात "अडकलं". अडकलेलं नसतं, पीळ बसलेला असतो. दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा 'टक्' करून सुटतं.

मावळी_गडी
डांबरावर मी लावत नाही हो. पण पाऊस पडत असताना ताम्हिणीत लावावं की नाही?

ताम्हिणीची_वाट
नुसतं ओलं डांबर असेल तर माझ्या मते नको, वळणंच इतकी की पीळ बसत राहणार. दरडीची माती रस्ताभर पसरली असेल तर तेवढ्यापुरतं लावा. आणि फोर हायनं ब्रेक काही लवकर लागत नाहीत, हे उतारावर विसरू नका.

दापोलीकर
एक टायर नवा, तीन झिजलेले, असं फोर हायमध्ये फिरणाऱ्यांना सरळ डांबरावरसुद्धा हाच पीळ बसतो. पंक्चरच्या दुकानात कोणी सांगत नाही.

ग्रीसचे_हात
मावळी साहेब, मोटर बदललीय ना? मग महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर हाय चालवा. फोर लो (कमी वेग, जास्त जोर) लावायचा तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. दाते समोरासमोर आले तर बसत नाहीत, मग गाडी हातभर पुढे-मागे सरकवायची. ट्रान्सफर केसचं ऑइलही बघा. पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं.

मावळी_गडी
आज सकाळी नांगरलेल्या रानात नेली. डायल फिरवली, दिवा तीनदा लुकलुकला, खालून 'खट्' आवाज आला आणि स्थिर झाला. ऑइलही स्वच्छ आहे. काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आवाज माझ्या ट्रॅक्टरच्या डिफ लॉकसारखाच आहे. पण त्याला दांडा आहे." बघा, मी एकटा नाही!