अनुभव धागा: नागपुरात योगासनं सुरू कशी केली, आणि मे महिन्यात टिकली कशी?

21 जून जवळ आला की मैदानं भरतात, सतरंज्या कमी पडतात. 2015 साली पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला तेव्हापासून हे दरवर्षीचंच. पण आपल्याकडची खरी गळती होते ती एप्रिल-मेमध्ये. पारा 45च्या घरात, कूलरमधलं पाणी रात्रीच संपलेलं, मध्यरात्र उलटेपर्यंत झोप नाही, अन् पहाटे उठून काय ताडासन करणार? पुण्याकडचे सल्ले इथं पुरे पडत नाहीत. म्हणून नागपूरच्या नवशिक्यांनी लिहावं. सुरुवात कशानं झाली, गुडघे-पाठीचं काय केलं, घरचे काय म्हणाले, उन्हाळा कसा काढला. वर्षानुवर्षं शीर्षासन करणाऱ्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल. ज्ञान नको, अनुभव द्या.

लक्ष्मीनगर, निवृत्त बँकवाला

रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ नागपूरकरांना सांगावं लागत नाही. फी न घेता योग शिकवायची रीत या गावात त्यांनी रुजवली. आमच्या बगिच्यातला वर्गही एक काका तसाच फुकट घेतात. फुकट आहे म्हणून दांडी मारायला जास्त लाज वाटते, हा माझा अनुभव.

माझी अडचण वज्रासनाची. टाचा आणि बैठक यांत चांगलं वीतभर अंतर राहायचं, गुडघे कळ काढायचे. काकांनी घरून जुनी सोलापुरी चादर आणायला लावली. तिची जाड घडी पोटऱ्या आणि मांड्यांच्या मधे ठेवली, पावलांखाली टॉवेलची गुंडाळी, आणि म्हणाले, "आता बसा. दुखलं की उठा, दात-ओठ खायचे नाहीत." पतंजलींनी आसनाची व्याख्या तीनच शब्दांत केली आहे, स्थिर, सुख आणि आसन, त्यातलं सुख लोक सोडून देतात, असं काकांचं म्हणणं. हळूहळू चादरीची एकेक घडी कमी होत गेली. शेवटची अजून आहे. राहू दे.

दुसरं म्हणजे, काकांनी पहिल्याच दिवशी रक्तदाब, हर्निया, ऑपरेशन सगळं विचारून घेतलं. दोघांना कपालभाती करूच दिली नाही. जिथं हे विचारत नाहीत तिथं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाल, दोन डब्यांची आई

सकाळचा योग वगैरे पुस्तकात ठीक. सकाळी माझ्याकडे दोन डबे, नळ आणि स्कूलबस असते. मी संध्याकाळी चहाच्या आधी करते. दुपारच्या जेवणाला चार तास झालेले असतात, पोट हलकं असतं. पवनमुक्तासन, भुजंगासन, मार्जारासन, शेवटी शवासन. एवढंच. मधल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधे जेवढी फरशी आहे तेवढ्यात जे बसतं ते माझं वेळापत्रक. हात पसरायची आसनं बाद.

मामाजी, म्हणजे आमचे सासरे, आधी म्हणायचे, "फरशी पुसा, सगळी आसनं होतात." मग त्यांचंच बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर संथ श्वसन सांगितलं. आता ते त्याच खोलीत खुर्चीवर बसतात. "मामाजी, श्वास रोखू नका जी" हे मला रोज सांगावं लागतं, आणि त्यामुळे माझा खाडा पडत नाही. मी उशीर केला तर तेच हाक मारतात.

मिहान, रात्रपाळी

मान आणि खांदे आखडले म्हणून सुरू केलं. व्हिडिओ बघून करताना मान सारखी स्क्रीनकडे वळते, म्हणजे दुखणं होतं तिथंच. एक महिना वर्गात जाऊन शिकलो, आता फोन बंद ठेवून करतो. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

फुटाळा पार्टी

मले तं काही जमलं नाही बाप्पा. बायकोनं नाव टाकून देलं, मॅट आणली, सारं झालं. पण वर्गातून निघालं का समोरच तर्री-पोह्याची गाडी! आसनं कमी अन् पोहे जास्त होऊन राहिले होते. आता फुटाळा तलावावर पायीच चक्कर मारतो. शवासन तेवढं ठेवलं आहे, घरी, पंख्याखाली. चालते ना भाऊ?

*(धागाकर्ती: चालते. पण शवासनात घोरायचं नसतं, भाऊ.)*

धंतोली, शिक्षिका

उन्हाळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. जानेवारीच्या संकल्पात आपल्याकडे एक खोट आहे. सवय अंगी लागते न लागते तोच होळी येते आणि ऊन तापायला लागतं. त्यापेक्षा पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये सुरू करावं. पुढचा मे यायला चांगले दहा-अकरा महिने मिळतात. मी तसंच केलं.

मेमध्ये साडेपाचलाच उजाडतं, थंडीत सूर्य सातच्या सुमारास दिसतो. वर्षभर एकच वेळ धरून बसण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात मी सूर्यनमस्कार पार कमी करते, गच्चीवर उजाडायच्या आत उरकते. गच्ची तेव्हाही पायाला कोमट लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवते. मग शीतली: जिभेची पन्हळ करून तोंडानं श्वास आत, नाकानं बाहेर. जीभ आणि टाळू गार पडतात, बाकी अंगाला फार काही होत नाही. उन्हातून आल्यावर पाणी आणि पन्हंच हवं, शीतलीनं ऊन लागायचं थांबत नाही.

मनीषनगर

ताई, माझी जीभ वळतच नाही. किती प्रयत्न केले.

धंतोली, शिक्षिका

बऱ्याच जणांची वळत नाही. सीत्कारी करा. दात जुळवा, ओठ उघडे ठेवा, दातांच्या फटीतून "सी" करत श्वास आत घ्या. दात शिवशिवत असतील तर दोन्ही सोडा आणि अनुलोम-विलोम करा. आणि कूलरच्या झोतासमोर बसू नका, घसा धरतो.